स्पुटनिक स्टिरिओ कॅमेऱ्याच्या रोल फिरवण्याच्या यंत्रणेत केलेला बदल: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातले आहे. कॅमेऱ्याच्या मालकीण भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांचे विद्यार्थी आणि आम्ही ओळखीचे सगळेच त्यांना बाई म्हणतो, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. त्यांचे थोरले बंधू सत्तरच्या दशकात मॉस्कोत शिकायला होते आणि परत येताना त्यांनी स्पुटनिक नावाचा स्टिरिओ कॅमेरा आणला होता. बंधूंच्या पश्चात तो बाईंकडे आला. पन्हाळ्याचे कडे, तीन दरवाजा आणि सज्जा कोठीखालची दरी यांची त्रिमित छायाचित्रे काढायची, असे त्यांनी ठरवले होते. एका सपाट छायाचित्रात कड्याची उंची दिसते, पण खोली जाणवत नाही. ती जाणवण्यासाठी दोन डोळ्यांना दोन चित्रे द्यावी लागतात.

स्पुटनिक १९५५ पासून लेनिनग्राडमध्ये तयार होत असे. याच नावाचा उपग्रह १९५७ साली सुटला, म्हणजे कॅमेऱ्याचे नाव उपग्रहावरून आलेले नाही. रशियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ सहप्रवासी असा होतो. बॅकेलाइटच्या (जुन्या प्रकारच्या कडक प्लॅस्टिकच्या) लांबट पेटीत पुढे तीन भिंगे असतात: दोन चित्रे घेणारी आणि मधले पाहण्यासाठीचे. १२० रोलवर (कागदासह गुंडाळलेल्या रुंद फिल्मवर) ६ बाय ६ सेंटिमीटर मापाची दोन चित्रे शेजारीशेजारी उमटतात आणि एका रोलमध्ये अशा सहा जोड्या बसतात. रोलच्या पाठीमागे काळा कागद असतो व त्यावर एक ते बारा आकडे छापलेले असतात. नॉब फिरवायचा, मागच्या दारातल्या लाल खिडकीतून आकडा पाहायचा आणि १, ३, ५, ७, ९, ११ अशा विषम आकड्यांवर थांबायचे, ही या कॅमेऱ्याची संपूर्ण फिल्म सरकवण्याची यंत्रणा होय. नॉबला कोठेही अटकाव नाही, गणक नाही, आणि शटर चढवण्याचा (म्हणजे छायाचित्रासाठी ते ताणून सज्ज करण्याचा) व फिल्म फिरवण्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

अडचण

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याजवळ वर्षभरात काढलेले चार रोल होते. चोवीस जोड्या मिळायला हव्या होत्या. धड निघाल्या अकरा. काही ठिकाणी ३ ऐवजी २ वर थांबल्यामुळे नव्या जोडीचे एक चित्र जुन्या जोडीच्या एका चित्रावर चढले होते. साध्या कॅमेऱ्यात अशा चुकीने दोन चित्रे जातात. येथे मात्र ज्यांच्यावर काहीच चढलेले नाही अशी दोन चांगली चित्रेही निकामी होतात, कारण जोडीदाराशिवाय त्यांना स्टिरिओमध्ये अर्थ नसतो. या एका गोष्टीमुळे स्टिरिओ कॅमेऱ्यात फिल्म अचूक सरकण्याला इतर कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा अधिक महत्त्व येते, आणि पुढचे सगळे निर्णय याच जाणिवेतून झाले.

दुसरी तक्रार धुक्याची होती. पाच-सहा निगेटिव्हवर लाल खिडकीच्या जागी काळसर ढग आला होता; एकात तर त्या ढगाच्या मधोमध कागदावरचा ७ हा आकडा पुसटसा उमटलेला दिसत होता. लाल काचेची खिडकी ज्या काळात रूढ झाली त्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नसे. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशही टिपते, आणि बाई वापरत होत्या ती आयएसओ ४०० ची, म्हणजे प्रकाशाला बरीच संवेदनशील होती. त्यात खिडकीवरची सरकती पट्टी इतक्या वर्षांत सैल झालेली. भर उन्हात आकडा शोधत नॉब फिरवत राहिल्यास कागदातून प्रकाश झिरपणारच होता.

तिसरी गोष्ट आम्ही त्या दिवशी पाहिली, पण बाजूला ठेवली. काही जोड्यांत उजवे चित्र रेखीव आणि डावे किंचित मऊ होते. तिन्ही भिंगे दातेरी कड्यांनी एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एखाद्या भिंगाचे फोकस सरकले असेल, असे मी गृहीत धरले. ते गृहीत चुकीचे होते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीही न बदलण्याचा होता. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावायची, डोक्यावर काळे कापड घेऊन सावलीतच आकडा वाचायचा आणि प्रत्येक वेळी वहीत टिपण करायचे. कॅमेऱ्याला यात कसलाही धोका नव्हता. परंतु बाईंचे वय सत्तरीच्या पुढे असून तांबड्या काचेतून करड्या कागदावरचा आकडा वाचणे हाच त्यांचा खरा त्रास होता. त्या म्हणाल्या, "आकडा दिसेपर्यंत मी नॉब फिरवते, आणि दिसेपर्यंत तो निघून गेलेला असतो."

दुसरा पर्याय मोजणाऱ्या रुळाचा. फिल्मच्या कागदाला टेकून फिरणारा एक लहान रूळ आत बसवायचा आणि त्याचे फेरे बाहेरच्या गणकावर दाखवायचे. आकड्यापासून आकड्यापर्यंतचे अंतर मी मोजले तेव्हा एका जोडीमागे साधारण १२५ मिलिमीटर भरले. म्हणजे सुमारे १० मिलिमीटर व्यासाच्या रुळाचे चार फेरे झाले की एक जोडी सरकली. तत्त्वतः हाच सर्वांत निर्दोष मार्ग आहे, कारण रूळ प्रत्यक्ष फिल्मची लांबी मोजतो. रीळ किती जाड झाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मात्र त्यासाठी बॅकेलाइटच्या पेटीला भोक पाडावे लागणार होते. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींकडे आम्ही गेलो त्यांनी कॅमेरा हातात घेऊन नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बाई, भोक मी पाडीन. पण तडा गेला तर माझ्याच्यानं जोडून व्हायचं नाही." ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा चलच्चित्र कॅमेरा घडवला तेथे भोक पाडणारे हात नक्कीच आहेत, प्रश्न हातांचा नव्हता, पन्नास वर्षांच्या ठिसूळ बॅकेलाइटचा होता.

तिसरा पर्याय नॉबखाली खुणांची तबकडी बसवण्याचा. नॉब किती फिरला यावरून फिल्म किती सरकली हे ठरवायचे. यात एक मूलभूत अडचण आहे: घेणाऱ्या स्पूलवर (फिल्म गुंडाळली जाते त्या रिळावर) फिल्म आणि कागद यांचे थर चढत जातात तसतसा त्याचा व्यास वाढतो, आणि नॉबच्या एका फेऱ्यात अधिकाधिक फिल्म ओढली जाते. त्यामुळे पहिल्या जोडीनंतर लागणारे फेरे आणि पाचव्या जोडीनंतर लागणारे फेरे सारखे नसतात. खुणा असमान अंतरावर असल्या पाहिजेत. हे तत्त्व जुनेच आहे. १९३७ च्या रोलायफ्लेक्स ऑटोमॅटसारख्या कॅमेऱ्यांनी वाढत्या व्यासाचा हिशेब यंत्रणेतच बसवला होता. आम्हाला तेच काम हाताने आणि पुठ्ठ्यावर करायचे होते.

तबकडीच्या बाजूने निर्णायक ठरलेली बाब अशी की ती केव्हाही काढून टाकता येणार होती. बाईंनी अट घातली होती की भावाचा कॅमेरा आहे, तो जसा आला तसा परत करता आला पाहिजे. ही अट मला तेव्हा भावनिक वाटली. आज मी ती तांत्रिकदृष्ट्याही योग्य मानतो, कारण पहिला प्रयत्न फसल्यावर मागे फिरता आले ते तिच्यामुळेच.

पहिली कृती: तबकडी

मुदत संपलेला एक रोल बळी द्यायचे ठरवले. तो खराबच होणार असल्यामुळे लाल खिडकी उघडी ठेवून दिव्याखाली आकडे सावकाश पाहता आले. नॉबखाली जाड पुठ्ठ्याची गोल तबकडी चिकटवली, नॉबवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आणि खिडकीच्या बरोबर मध्यभागी १ आला तेव्हा ती रेघ जेथे होती तेथे शून्याची खूण केली. मग ३, ५, ७, ९, ११ यांच्या खुणा. असे तीनदा करून मधली जागा धरली.

पहिल्या जोडीनंतर नॉबचे दोन पूर्ण फेरे आणि वर सुमारे दोन तृतीयांश फेरा लागला. शेवटच्या वेळी दोन फेऱ्यांवर जेमतेम केसभर. प्रत्येक वेळी फेरे दोनपेक्षा थोडे जास्तच, पण तीनपेक्षा कमी. त्यामुळे बाईंसाठी नियम अगदी सोपा झाला: दोन पूर्ण फेरे द्यायचे आणि त्यानंतर येणाऱ्या पुढच्या क्रमांकाच्या खुणेवर थांबायचे. लाल खिडकी फक्त सुरुवातीचा १ पाहण्यापुरती, तीही खोलीत. त्यानंतर तिच्यावर काळी चिकटपट्टी.

पन्हाळ्याचा पहिला रोल या पद्धतीने निघाला आणि सहाही जोड्या स्वतंत्र आल्या. धुके नव्हते. बाईंनी तीन दरवाजाची जोडी कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापात छापणे) करून, डावे-उजवे चित्र अदलाबदल करून पुठ्ठ्यावर लावली. ही अदलाबदल नेहमीच करावी लागते, कारण प्रत्येक भिंग आपापले चित्र उलटे पाडते. पट्टी सुलटी धरली की डाव्या डोळ्याचे चित्र उजवीकडे आलेले असते. स्टिरिओ दर्शकातून (दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवणाऱ्या साधनातून) पाहताना त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "खोली आली आहे, पण डावा डोळा थकतो."

मऊपणाची तक्रार आणि तिचे खरे कारण

बाजूला ठेवलेला मऊपणा पुन्हा समोर आला. भिंगाचे फोकस तपासण्यासाठी फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावला आणि शटर उघडे धरून दूरच्या मंदिराच्या शिखरावर कॅमेरा रोखला. दोन्ही बाजूंची प्रतिमा सारखीच रेखीव होती. म्हणजे भिंगे निर्दोष होती. दोष फिल्ममध्ये होता.

निकामी रोल पुन्हा भरला आणि शटर उघडे ठेवून डाव्या भिंगातून टॉर्चचा उजेड आत टाकला. फिल्मच्या पृष्ठावर उजेडाची पट्टी दिसली, ती सरळ नव्हती. मध्ये पोट सुटल्यासारखी वाकलेली होती. नॉब केसभर पुढे ओढताच पट्टी सरळ झाली आणि सोडताच पुन्हा वाकली. हे दृश्य पाहिल्यावर शंका उरली नाही. देणाऱ्या बाजूच्या स्पूलला कसलाही अटकाव नव्हता. तो मोकळा फिरून फिल्म सैल सोडत होता. दोन चित्रांची मिळून बारा सेंटिमीटर लांबी सपाट राहण्यासाठी फिल्मला दोन्हीकडून थोडा ताण हवा असतो.

हा ताण देणारा ब्रेक दोन प्रकारे बसवता येतो. स्पूलच्या टोकाखाली घर्षणाची चकती ठेवली, तर फिरण्याला होणारा विरोध कायम राहतो, पण रीळ बारीक होत गेले की त्याच विरोधातून फिल्मवर पडणारा ताण वाढत जातो आणि शेवटच्या जोडीला नॉब जड होतो. पात्याची स्प्रिंग रिळाच्या पाठीवर टेकवली, तर ताण रिळाच्या व्यासावर अवलंबून राहत नाही, मात्र रीळ बारीक झाल्यावर स्प्रिंग सैलावून ताण उतरतो. आम्ही दुसरा मार्ग घेतला आणि पाते मुद्दाम लांब, पातळ व भरपूर वाकवलेले ठेवले, म्हणजे रीळ बारीक होत गेले तरी जोरात फारसा फरक पडत नाही. मेस्त्रींनी फॉस्फर ब्रॉन्झच्या पत्र्याचे पाते कापून दिले, कडा कानसीने गोल केल्या आणि टेकणाऱ्या टोकाला मखमलीचा तुकडा लावला. देणाऱ्या रिळावर बाहेरच्या बाजूला कागद असतो, फिल्म आत असते. त्यामुळे मखमल फिल्मला कधीच शिवत नाही. पाते पेटीला चिकटवले आहे, कोठेही स्क्रू नाही. टॉर्चची पट्टी आता सरळ दिसू लागली.

फसलेला रोल

येथे या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक झाली, आणि ती माझी होती. ब्रेक बसवून मी कॅमेरा बाईंना दिला. पुढचा रोल धुऊन आला तेव्हा चित्रे दोन्ही बाजूंनी रेखीव होती, पण पहिल्या दोन जोड्यांमधली सहा मिलिमीटरांची फट दोनवर आली होती आणि शेवटच्या दोन जोड्या मिलिमीटरभर एकमेकींवर चढल्या होत्या. सज्जा कोठीच्या दोन जोड्या, ज्यांच्यासाठी बाई पहाटे चढून गेल्या होत्या, त्या गेल्या.

कारण उघड होते. फक्त आधी सुचले नव्हते. ब्रेकमुळे फिल्म ताणून गुंडाळली जाऊ लागली, थर घट्ट बसू लागले आणि घेणाऱ्या स्पूलचा व्यास पूर्वीपेक्षा कमी राहू लागला. तबकडीवरच्या खुणा सैल गुंडाळीच्या व्यासावर बेतलेल्या होत्या. तेवढेच फेरे दिल्यावर आता कमी फिल्म ओढली जात होती: सुरुवातीला चारेक मिलिमीटरांनी कमी, आणि थर वाढतील तसतशी आणखी कमी.

बाईंनी राग धरला नाही, पण एक प्रश्न विचारला. "ताण बदलला की जाडी बदलणार, हे आपल्याला आधी कळायला हवं होतं, नाही का?" हवे होते. मऊपणाची तक्रार पहिल्याच दिवशी समोर होती. तिचे कारण शोधूनच तबकडीला हात घालायला हवा होता.

अंतिम रचना

दुसरी तबकडी पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकची केली आणि ब्रेक जागेवर असतानाच नव्या रोलने खुणा घेतल्या. या वेळी लागलेले फेरे अनुक्रमे सुमारे २.७३, २.५३, २.३७, २.२३ आणि २.१२ इतके भरले. दोन फेऱ्यांचा नियम टिकला. खुणांच्या जागा घड्याळाच्या भाषेत सांगायच्या, तर शून्य बारावर, पुढची पावणेनऊवर, मग तीनवर, साडेसातवर, सव्वादहाच्या जरा पुढे आणि शेवटची पावणेबाराच्या जवळ.

शेवटची खूण शून्याला इतकी लगत आल्यामुळे गोंधळाचा नवा धोका निर्माण झाला. शून्य हिरव्या रंगाने आणि बाकीच्या खुणा काळ्या रंगाने काढल्या. शेवटच्या खुणेखाली लाल रेघ दिली. बाईंनी स्वतःहून आणखी एक सुधारणा केली: नॉब फिरवताना "एक", "दोन" असे मोठ्याने म्हणायचे आणि तोपर्यंत कोणाशीही बोलायचे नाही.

परिणाम

त्यानंतर तीन रोल झाले. अठरा जोड्यांपैकी सोळा पूर्णपणे वापरण्याजोग्या निघाल्या. जोड्यांमधली सर्वांत अरुंद फट चार मिलिमीटरांची होती, म्हणजे कात्रीला पुरेशी. धुके एकाही निगेटिव्हवर नाही. गेलेल्या दोनपैकी एक जोडी एक फेरा जास्त दिल्यामुळे फिल्मच्या टोकाबाहेर गेली. दुसरीवर शटर दोनदा चढवल्याने दोन दृश्ये उमटली. या दुसऱ्या चुकीवर तबकडीकडे काहीही उपाय नाही, कारण शटर आणि नॉब अजूनही एकमेकांपासून स्वतंत्रच आहेत. तिसरा रोल वेगळ्या कंपनीच्या फिल्मचा होता. त्याचा कागद थोडा पातळ असावा, कारण फटी एक-दीड मिलिमीटरने अरुंद झाल्या, पण जोड्या सुरक्षित राहिल्या.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी क्रम. फिल्म ज्या ताणाखाली गुंडाळली जाते तो ताण निश्चित झाल्याशिवाय गुंडाळीच्या व्यासावर आधारलेले कोणतेही माप घेण्यात अर्थ नव्हता. ब्रेक आधी आणि तबकडी नंतर, असे झाले असते तर एक रोल आणि सज्जा कोठीची एक पहाट वाचली असती.

ब्रेकनंतरचा रोल थेट पन्हाळ्यावर न नेता घराच्या गच्चीवर काढायला हवा होता. यंत्रणेत कोणताही बदल झाला की पुढचा एक रोल चाचणीसाठीच धरावा, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. रोलचा खर्च वाढतो, पण चुकीची किंमत पन्हाळ्याच्या पायवाटेवर मोजावी लागत नाही.

मोजणाऱ्या रुळाचा पर्याय मात्र मी आजही मनातून काढलेला नाही. पेटीला भोक न पाडता, मागच्या दाराच्या आत बसेल अशी रचना शक्य आहे का, हे मेस्त्री दुसऱ्या, आधीच तडा गेलेल्या एका कॅमेऱ्यावर पाहत आहेत. तो जमला तर कागदाच्या जाडीचा आणि ताणाचा प्रश्नच उरणार नाही, आणि शटरशी सांधा जोडण्याचा विचारही करता येईल.

बाईंनी पहिली पुठ्ठ्याची तबकडी टाकून दिलेली नाही. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत, भावाच्या हस्ताक्षरातल्या जुन्या पावतीशेजारी ती एका पाकिटात ठेवली असून पाकिटावर निळ्या शाईने लिहिले आहे: "ब्रेकच्या आधीची. वापरू नये."